नवव्या प्रश्नाला चोपन्न उत्तरं

१

पाचपैकी एक पूर्णांक नऊ!

टाचणीबाईंनी तो आकडा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यांचं डोकं जास्तच तापलं. आकडा वाईट होता म्हणून नव्हे. एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवताना वाईट आकडे त्यांनी पोत्याने पाहिले होते. हा आकडा नको तितका सोयीचा होता.

मॅनेजमेंट कॉलेजात नव्या शिक्षकाला सहा वर्षं तात्पुरतं ठेवतात. सहाव्या वर्षी त्याची फाईल समितीपुढे जाते. संशोधन किती, शिकवणं कसं, बाकीची हमाली काय केली, हे पाहतात. निकषांत बसला तर कायम, नाही तर घरी. शिकवण्याचा निकष असा, की शेवटच्या तिन्ही सत्रांत मुलांनी फॉर्मवर दिलेल्या गुणांची सरासरी साडेतीनच्या खाली जाता कामा नये. धाकटीची सरासरी आधीच्या दोन सत्रांत चार पूर्णांक सहा आणि चार पूर्णांक सात होती. शेवटच्या सत्रात ती थेट एक पूर्णांक नऊवर आपटली. समितीने अकरा मिनिटांत नकार देऊन टाकला. अकरा मिनिटं! माणूस चपला घेतानाही याहून जास्त वेळ लावतो.

‘धाकटी’ हे अर्थातच टोपणनाव. विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंना सगळे ‘ताई’ म्हणत. त्यांनी जिला हाताला धरून इथे आणली, ती साहजिकच धाकटी. टाचणीबाईंचं नाव मुलांनी ठेवलेलं. उत्तरपत्रिकेत चूक सापडली, की त्या चिठ्ठी लिहून टाचणीने तिथेच टोचून ठेवायच्या. “टोचतात, पण जागच्या जागी,” असं मुलं म्हणायची.

धाकटीने अपील केलं आणि डीनने चौकशीला टाचणीबाईंना नेमलं. “मॅडम, फक्त बेरीज तपासा,” डीन म्हणाले, “उगाच खोलात शिरू नका.” हे वाक्य बाईंना झोंबलं. खोलात शिरू नका, म्हणजे खोल काहीतरी आहे!

अपिलाच्या निकालाची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. तोवर काही निघालं नाही, तर धाकटीची नोकरी जाणार आणि महिनाअखेर आवारातली क्वार्टरही. त्या क्वार्टरमध्ये तिचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. म्हाताऱ्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी बाईंनी बेरीज तपासली. बेरीज चोख होती. मग त्यांनी चोपन्नच्या चोपन्न फॉर्म टेबलावर मांडले. प्रत्येकावर बारा प्रश्न आणि पुढे एक ते पाचांवर खूण. नवव्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं. “पडद्यावर दाखवलेल्या साहित्याचा उपयोग झाला का?” चोपन्न मुलांनी त्याला एक किंवा दोन गुण दिले होते. त्यांनी मागच्या सत्रांचे तक्ते काढले. नवव्या प्रश्नाला आलेली उत्तरं एका सत्रात शून्य होती, दुसऱ्या सत्रात दोन.

“हे काय गौडबंगाल आहे?” बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि धाकटीचा वर्ग बघायला तळघरात उतरल्या.

खोलीत पडदाच नव्हता.

२

पडदा लावायला जागाही नव्हती. पूर्वी तिथे सुतारकामाची कार्यशाळा होती. खोलीच्या ऐन मध्यावर जाडजूड खांब, भिंतीला लाकडी फळा, जमिनीवर खडूने आखलेल्या रेघा आणि तीन टेबलं, जणू तिकिटाच्या खिडक्या. धाकटी तिथे रांगा शिकवायची. दवाखान्यातली रांग, विमानतळावरची रांग. मुलांनाच रांगेत उभं करायची, एक खिडकी बंद करायची आणि विचारायची, “आता कोण चिडलं? का चिडलं? मोजा!”

“ही खोली तू मागून घेतलीस?” टाचणीबाईंनी विचारलं.

“हो. वर बाक जमिनीला ठोकलेत. मुलं उभी कुठे करू?” धाकटीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता. “बाई, मी वाईट शिकवते का? खरं सांगा. चोपन्न पोरं खोटं कसं बोलतील?”

“ते मी बघते. आधी मला सांग, तुझ्या वर्गात वर्गभेटीला कोण कोण आलं?”

नियम असा होता, की तीन सहकाऱ्यांनी उमेदवाराच्या वर्गात प्रत्यक्ष बसायचं आणि गुप्त अहवाल लिहायचा. प्रश्न ऐकून धाकटी खडूची पेटी उघडझाप करू लागली.

“टायवाले सर आले होते. पूर्ण तास बसले आणि कपाळाला आठ्या घालून गेले.”

“आणि बाकीचे दोघं?”

“बाकीच्यांचं मला विचारू नका, बाई. कुणाला माझ्यामुळे अडचण नको.”

“अगं, तुझी मान कापताहेत आणि तू सुरीला धार बरी आहे ना विचारतेस?” बाई कडाडल्या. पण पोरगी हटली नाही.

वर येऊन बाईंनी कार्यालयातल्या काकांना गाठलं. काका म्हणजे तिथले जुने कारकून, खडूपासून फाईलपर्यंत सगळं त्यांच्या हातून जायचं. त्यांनी वही उघडली, आणि बाई चरकल्या. काकांनी धाकटीच्या वर्गाला कोरे फॉर्म दिले होते एक्कावन्न.

पाकिटातून निघाले होते चोपन्न.

३

“एक्कावन्नच का?” बाईंनी विचारलं.

“पोरंच तेवढी होती ना! सत्राच्या सुरुवातीला यादीत चोपन्न. तिसऱ्या आठवड्यात तिघांनी विषय बदलला. नवी यादी कुणाला पाठवत नाहीत. ती माझ्या वहीत आणि विभागप्रमुखांच्या सहीत.”

“आणि पाकिटातून तीन जास्त निघाले, तेव्हा तुम्ही झोपला होतात?”

“बाई, फॉर्म मशीन मोजतं आणि मशीन तुमच्या लोकांना फक्त सरासरी सांगतं. कोणी विचारलंय का आजवर, किती पोरं होती म्हणून?” काकांचा चेहरा लाल झाला. “वर्गप्रतिनिधी पाकीट चिकटवून आणतो, मी कपाटात ठेवतो. कोरे फॉर्म आणि पाकिटं बाहेर टेबलावर ढिगाने पडलेली असतात. कोणीही उचलावीत.”

“पण कपाटाची किल्ली काही ढिगात पडलेली नसते ना?”

काका हळूच म्हणाले, “त्या आठवड्यात तिघांनी नेली. वर्गभेटीचे अहवाल फाईलला लावायचे होते ना. प्रमुख, टायवाले सर आणि ताई. ज्येष्ठ माणसांकडे सही मागायची नसते इथे. मागितली की वर्षभर टोमणे. आता मलाच विचारणार का, काका, तुम्हीच केलंत का?”

“गरज पडली तर विचारणार,” टाचणीबाई म्हणाल्या. गरज पडणार नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी खडू घेऊन तळघरात उतरणारा माणूस त्या खोलीत पडदा आहे असं समजणार नाही.

टाचणीबाई विभागप्रमुखांच्या खोलीत शिरल्या, तशी प्रमुखांनी तक्रारींची पेटी उघडली. “मॅडम, मला मरायला फुरसत नाही. त्यात धाकटीकडची तीन पोरं माझ्या वर्गात येऊन पडली. मीच सही केली, माझीच चूक! प्रत्येक बैठकीत सांगतोय, माझ्या वर्गात तीन डोकी जास्त झालीत, कोणी ऐकेल तर शपथ.”

“तुमचा वर्गभेटीचा अहवाल वाचला. एकच ओळ आहे. ‘ताईंच्या अहवालाशी सहमत.’”

“सहमत होतोच मी! ताईंनी इतकं छान लिहिलंय, त्यात मी काय भर घालणार?”

“तुम्ही वर्गात गेला होतात का?”

प्रमुखांनी पेला उचलला, पाणी प्यायले, पेला ठेवला. “अहो, वर्गभेट म्हणजे… सगळेच तसं करतात.”

सगळेच तसं करतात! एका बाईचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हा गृहस्थ वीस पायऱ्या उतरून खाली जायला तयार नाही.

टायवाले सर मार्केटिंग शिकवायचे. उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यात टाय, आणि धाकटीबद्दल उघड वैर. त्यांचा अहवाल जहरी होता. “वर्ग नव्हे, बाजार. मुलं उभी राहतात, भांडतात, हसतात. फळ्याखेरीज एकही साधन नाही.”

“तुम्हाला ती नको आहे,” बाईंनी तोंडावर सांगितलं.

“नकोच आहे! मी समितीत विरोधात मत दिलं आणि उद्याही देईन. हे कॉलेज आहे, बालवाडी नाही.” टायवाले पुढे झुकले. “पण मॅडम, एक सांगू? त्या वर्गातली पोरं तिच्यावर जीव टाकतात. मला राग त्याचाच येतो. एक पूर्णांक नऊ मला पटलेलं नाही. मी बोललो नाही, कारण माझ्या सोयीचं होतं.”

“हे लाजेचं आहे, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. आणखी एक. ताईंना विचारा, धाकटीच्या दवाखान्याच्या रांगेवरच्या पेपरवरून त्यांचं नाव का गेलं.”

४

ताईंची खोली नेहमीसारखी नीटनेटकी होती. त्यांनी टाचणीबाईंना स्वतः उठून खुर्ची दिली आणि खुर्चीत बसताच डोळ्यांना रुमाल लावला.

“माझं काळीज तुटतंय हो बाई. पोटच्या पोरीसारखी आहे ती मला. मी तिला सांगितलं, अपील करू नकोस, फाईलवर कायमचा डाग राहील. दुसरीकडे अर्ज कर, मी शिफारसपत्र देते. पण ऐकेल तर ना!”

“तिचं शिकवणं कसं वाटलं तुम्हाला?”

“अप्रतिम! मी किती वेळा तिच्या वर्गात बसलेय. अहवालात लिहिलंय ना मी? पडद्यावर एकेक आलेख उलगडत जाते, मुलं नुसती बघत राहतात.”

टाचणीबाईंनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. गोडगोड अहवाल, आणि त्यात एक शब्द खरा नाही!

“आणि त्या पेपरवरून तुमचं नाव काढलं तिने?”

“नियमच तसा आहे ना. निकष माझ्याच समितीने लिहिलेत. उमेदवाराचे निदान दोन पेपर ज्येष्ठांच्या नावाशिवाय हवेत. तिने विचारलं, मी म्हटलं, काढ. मोठ्या मनाने काढ म्हटलं. सगळ्यांना चहा पाजला त्या दिवशी.”

“त्या पेपरात तुमचं काम किती होतं?”

“मार्गदर्शन,” ताई म्हणाल्या आणि रुमालाची घडी घातली.

बाईंनी कार्यालयात जाऊन दोन कागद काढले. एक ताईंचा स्वतःचा बढतीचा अर्ज. पूर्ण प्राध्यापक व्हायला पाच मोठे पेपर लागत होते, ताईंकडे चार होते. दुसरा कागद दवाखान्यातल्या माहितीच्या प्रकल्पाचा. धाकटीने चार वर्षं दवाखान्यांत उभं राहून जमवलेली ती माहिती कॉलेजच्या मालकीची होती. प्रकल्पातला शिक्षक नोकरी सोडून गेला, तर ती कुणाकडे जाणार, हे शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

ती प्रकल्पप्रमुखाकडे जाणार होती. प्रकल्पप्रमुख ताई होत्या.

५

गुरुवारी साडेचारला समिती बसली. डीन, प्रमुख, टायवाले, ताई आणि दाराशी बोलावून उभे केलेले काका. टाचणीबाईंनी चोपन्न फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

“हे फॉर्म मुलांचे नाहीत. कुणीतरी एका बैठकीत बसून भरलेत आणि खरे काढून घेतलेत. ज्याने भरले, त्याच्याकडे त्या आठवड्यात कपाटाची किल्ली होती. म्हणजे चौघं. काका आणि तुम्ही तिघं.”

“मॅडम, जरा सांभाळून,” डीन म्हणाले.

“सांभाळूनच बोलते आहे, नाही तर ओरडले असते! ज्याने भरले, त्याला वाटत होतं की धाकटी पडद्यावर शिकवते. खऱ्या मुलांनी नववा प्रश्न कोरा सोडला असता, दरवर्षी सोडतात तसा. प्रमुखसाहेब, धाकटीचा वर्ग कितव्या मजल्यावर आहे?”

प्रमुख चाचरले. “दुसऱ्या… ना?”

“तळघरात आहे. तिथे पडदा नाही. हे काकांना माहीत आहे, ते रोज खडू नेतात. टायवाल्यांना माहीत आहे, ते वर्गात बसले आणि शिव्या लिहून आले. शिव्या का होईना, बघून लिहिल्या. हे दोघं सुटले.”

“एखाद्याने मुद्दाम चुकीचं भरलं असेल,” डीन म्हणाले.

“कशाला? फॉर्म खरे वाटावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप. आता दुसरी गोष्ट. भरणाऱ्याला वाटत होतं की वर्गात चोपन्न मुलं आहेत. जुनी यादी चोपन्नची. तिघं गेली ती प्रमुखांच्या सहीने गेली आणि प्रमुखांच्याच वर्गात बसली. ते सत्रभर त्या तीन डोक्यांच्या नावाने खडे फोडताहेत. त्यांनी भरले असते, तर एक्कावन्न भरले असते. आळशी आहेत, पण हे त्यांचं काम नाही.”

सगळ्यांच्या माना आपोआप एकाच बाजूला वळल्या.

“उरल्या ताई,” टाचणीबाई म्हणाल्या. “पडदा असलेला वर्ग त्यांनीच अहवालात पाहिलाय. धाकटी गेली की दवाखान्याची माहिती त्यांची, आणि अडलेला पाचवा पेपरही.”

ताईंनी नाही म्हटलं नाही. “मी तिला इथे आणली,” एवढंच त्या म्हणाल्या, “माझ्याशिवाय कोण विचारत होतं तिला?” आणि पर्स उचलून बाहेर गेल्या.

डीनने दार लावून घेतलं. आवाज अगदी मऊ केला. “मॅडम, हे बाहेर गेलं तर कॉलेजचं नाव जाईल. आपण असं करू. कारकुनी चूक, असं लिहू. पाकिटांची अदलाबदल झाली. धाकटीला पाचच्या आत कायम करतो. नाही तर पूर्ण चौकशी, वर्ष जाईल. तोवर ती आणि तिचे वडील कुठे राहणार, विचार करा.”

“कारकुनी चूक म्हणजे माझी,” काका दाराशी पुटपुटले.

टाचणीबाईंनी धाकटीला आत बोलावलं आणि डीनचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ताईंचं नाव ऐकून ती भिंतीला टेकली. मग तिने काकांकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “काकांच्या डोक्यावर पाय देऊन मी कायम होणार नाही. बाबांना मी सांगेन. आम्ही कुठेतरी राहू.”

“शाब्बास!” टाचणीबाई इतक्या जोरात म्हणाल्या, की डीन दचकले. “आता तुम्ही तुमचीच नियमावली ऐका. नियम सातवा. तिन्ही वर्गभेटी प्रत्यक्ष झाल्याशिवाय दिलेला नकार ग्राह्य नाही. आणि अपिलाच्या मुदतीत ग्राह्य नकार आला नाही, तर उमेदवार कायम समजावा. तपासणी पथकापुढे मिरवायला लिहिला होतात, नंतर कुणी वाचला नाही. तिघांतले दोघं तळघरात उतरलेच नाहीत. प्रमुखांनी मला तसं सांगितलंय आणि आत्ता सगळ्यांसमोर मजलाही चुकलेत. चार वाजून पन्नास मिनिटं झालीत. दहा मिनिटांत तीन वर्गभेटी करणार आहात का?”

डीनने घड्याळाकडे पाहिलं, मग प्रमुखांकडे. प्रमुख आपले बूट बघत होते. पहिला हात टायवाल्यांनी वर केला. “मला ती अजूनही आवडत नाही,” ते म्हणाले, “पण नियम तो नियम. आणि अहवाल पूर्ण जाऊ दे वर, ताईंच्या नावासकट.”

पाच वाजता धाकटी कायम झाली.

६

सवयीने तिची पावलं तळघराकडे वळली. टाचणीबाई मागोमाग गेल्या, पोरीला एकटं सोडायला त्यांचं मन धजेना.

दार उघडं होतं. आत ताई उभ्या होत्या. त्या खांबाकडे बघत होत्या, जमिनीवरच्या खडूच्या रेघांकडे बघत होत्या.

“एका पेपरवर माझं नाव ठेवलं असतंस, तर काय बिघडलं असतं गं?” ताई म्हणाल्या. “सहा वर्षं तुला सांभाळलं मी.”

“तुम्हीच काढायला सांगितलं होतंत.”

“सांगावं लागतं! तू हट्ट धरायचास, की नाही, ताई, राहू दे. एवढंही कळलं नाही तुला?”

टाचणीबाईंच्या जिभेवर शंभर शब्द आले होते, पण हे भांडण त्यांचं नव्हतं.

“मी बाईंना सांगितलं नाही, तुम्ही कधी आला नाहीत ते,” धाकटी म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला वेळ नसेल. दर सत्राच्या पहिल्या दिवशी मी एक खुर्ची पुसून तिथे ठेवायचे. मुलं विचारायची, कोण येणार आहे? मी म्हणायचे, माझी ताई येणार आहे.”

“अगं, मी यायचं म्हणत होते…”

“मुलांचे खरे फॉर्म कुठे आहेत? मागे जागा असते, त्यावर ती लिहितात. सहा वर्षांत मला ते कुणी वाचायला दिलं नाही, फक्त आकडा सांगतात. कुठे आहेत?”

“फाडले.”

“सगळे?”

“सगळे.”

“फाडायच्या आधी वाचले होतेत?”

ताईंनी मान खाली घातली. “नाही. तेवढा वेळ नव्हता.”

नकार आला तेव्हा धाकटी ओरडली नव्हती. वरच्या खोलीत ताईंचं नाव ऐकलं तेव्हाही नाही. आता तिचा आवाज असा फुटला, की जिन्यात उभे असलेले काका धावत खाली आले.

“चालत्या व्हा! माझ्या वर्गातून चालत्या व्हा!”